कानातला भाता

टेपमामांना पहिला संशय आला तो चहाचा.

दवाखान्यातून घरी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मामीनं कप हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. नुसतं गरम पाणी. जिभेला गोड लागत होतं, पण तो चहा नव्हता. मामी मात्र आपल्या कपातला चहा मजेत पीत होती. ती बिस्किटं आणायला उठली तसे टेपमामांनी पटकन कप बदलले. तिच्या कपातही तेच गरम पाणी. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आपल्याच तोंडाची चव गेली असेल. टेपमामांच्या मनात आलं, आपण कप बदलणार हे हिला आधीच ठाऊक होतं.

खरं तर त्यांचा वास गेला होता. डोक्याला मार बसला की नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक धागे कधीकधी तुटतात, वास जातो आणि वासाबरोबर निम्मी चवही जाते, हे दवाखान्यात त्यांना समोर बसवून सांगितलं होतं. पण त्या दिवसांत सांगितलेलं त्यांच्या डोक्यात टिकत नव्हतं. एका कानानं शिरायचं आणि दुसऱ्यातून बाहेर पडायलाही थांबायचं नाही.

मूळचा हा माणूस असा नव्हता. मोजायची टेप गळ्यात कायम लोंबत असायची, अगदी जेवतानासुद्धा, म्हणून सगळी गल्ली त्यांना टेपमामा म्हणायची, आणि त्यांच्यामुळे बायकोची मामी झाली. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचं त्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं राहायच्या दोन खोल्या, मधे दाराऐवजी जाड पडदा. गिऱ्हाइकानं कापड निवडायला अख्खी सकाळ घालवली आणि शेवटी घरी विचारून येतो म्हणून काढता पाय घेतला, तरी मामांचा आवाज चढायचा नाही. चाव्या कुठंही पडलेल्या असायच्या. मूलबाळ नव्हतं. मामीचा धाकटा भाऊ शाळा सोडून त्यांच्याकडे आला आणि तिथंच लहानाचा मोठा झाला. चुण्या कशा घालायच्या, अस्तर कसं लावायचं, रॉड तसूभरही तिरका न होता कसा बसवायचा, सगळं मामांनीच त्याला शिकवलं. आता तो चांगला बाप्या झाला होता. उंचावरचं काम असलं की मामा शिडीवर चढणार आणि मेहुणा खाली शिडी धरणार, ही दोघांची ठरलेली पद्धत.

वाचनालयाच्या अभ्यासिकेला नवे पडदे लावायचे होते. खिडक्या उंच, खाली गुळगुळीत फरशी. त्या सकाळचं मामांना एवढंच आठवत होतं, की रॉड टेंपोत चढवले आणि दुकानाला कुलूप घातलं. त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. मधलं सगळं कोरं. तुम्ही शिडीवरून पडलात, कवटीच्या तळाच्या हाडाला चीर गेली, आत थोडा रक्तस्राव झाला होता पण तो थांबला, नशीब समजा, असं सगळ्यांनी सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. पण घरी पलंगावर पडल्यापडल्या त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खाली शिडी धरलेली असताना माणूस पडतो कसा?

मेहुणा रोज येऊन उशाशी बसायचा, गोळ्या काढून द्यायचा, आणि अपघाताचा विषय निघाला की नजर चुकवायचा. निदान मामांना तसं वाटायचं. शिवाय दुकान आता तो एकटाच चालवत होता. पडद्याआडून त्याचा आवाज यायचा. तो मामांच्या स्टुलावर बसून, मामांच्याच शब्दांत गिऱ्हाइकांशी बोलायचा. एकदा मामा भिंतीला धरत धरत बाहेर आले तर त्यांची मोठी कात्री भलत्याच खिळ्याला टांगलेली. ही इथं कशी, असं त्यांनी विचारलं. इथं हाताशी पडते, मेहुणा म्हणाला. साधं उत्तर होतं. मामांनी ते दिवसभर कापडासारखं उलटसुलट करून पाहिलं आणि त्यांना त्यात खोट सापडली. हाताशी पडते, पण कुणाच्या?

काही आठवड्यांनी आवाज सुरू झाला.

हुश्श, हुश्श, हुश्श. लांब कुठंतरी लोहाराचा भाता चालावा तसा. मामांना आधी वाटलं फ्रीज असेल. त्यांनी फ्रीज बंद केला. मग पंखा बंद केला, पाण्याची मोटर बंद केली, शेवटी मेन स्विचच खाली ओढला आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरात उभे राहिले. आवाज आपला चालूच. मामी मेणबत्ती शोधत आली. कसला आवाज, मला तर काही ऐकू येत नाही, असं ती म्हणाली. तिचा चेहरा इतका निरागस होता की मामांना तो मुद्दाम केलेला वाटला.

वरच्या मजल्यावर कवळीवाले राहायचे. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि कवळीवाले घरातच एका खोलीत प्लास्टरचे साचे करून त्यावर कवळ्या घडवायचे. एकटा जीव, बोलणं मोजकं. घासायला नि चकाकी द्यायला त्यांच्याकडे लहानशी मोटर होती. मोटर म्हटल्यावर मामांचे कान टवकारले. ते जिना चढू लागले, आणि काय आश्चर्य, एकेक पायरी चढावी तसा आवाज वाढत गेला. पहिल्या वळणावर जोरात, दारापाशी पोचेपर्यंत भाता धडाधड चालायला लागला. आणखी काय पुरावा पाहिजे? मामांनी दार वाजवलं. कवळीवाल्यांनी त्यांना आत घेतलं, मोटर दाखवली, तिची वायर भिंतीतून काढून हातात धरली. आवाज मात्र थांबला नाही. उलट मामा तिथं खुर्चीत टेकले, पाणी प्यायले, तेव्हा तो हळूहळू संथ झाला.

यावरून मामांनी निष्कर्ष काढला तो असा: दुसरीकडे कुठंतरी यंत्र लपवलेलं आहे, आणि आपण जवळ गेलो की ते वेगानं चालवतात, बसलो की सावकाश करतात. म्हणजे कुणीतरी आपल्यावर डोळा ठेवून आहे. कुणाला एवढी पडलीय? तर ज्याला आपण वेडे ठरलेले हवे आहोत त्याला. वेड्याचं दुकान मेहुण्याकडेच जाणार.

इकडे मामीच्या मनात वेगळंच घोळत होतं. मामांचा उजवा डोळा लाल दिसायला लागला होता. आधी कोपऱ्यात, मग सगळाच. चालताना ते दाराच्या चौकटीला खांदा घासायचे, जिन्यावर पाय चुकायचे, बोलता बोलता संतापायचे. तिच्या वडिलांच्या घरी तिनं दारू पाहिलेली होती. ती मामांच्या जवळून जाताना हळूच श्वास ओढून घ्यायची, त्यांचे कपडे धुवायला टाकण्याआधी हुंगायची, आणि काही न सापडल्यामुळे जास्तच घाबरायची. मामांना हे हुंगणं दिसत होतं. ही माझ्यावर पाळत ठेवते, हे त्यांच्या यादीत आणखी एक.

डॉक्टरही करून झाले. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासून स्वच्छ असल्याचं सांगितलं. औषधाच्या दुकानातून डोळे आल्यावर घालतात ते थेंब आणले, त्यानं ढिम्म फरक पडला नाही. दवाखान्यात परत दाखवायला नेलं तेव्हा गर्दी होती. तिथल्या दमलेल्या डॉक्टरनं घरी सोडतानाचा स्कॅन चांगला होता असं म्हणून, डोक्याला मार बसल्यावर माणूस हळवा होतो, मनावर ताण येतो, झोप नीट घेऊ द्या, असा सल्ला दिला आणि बाहेर आल्यावर मामीला बाजूला घेऊन हळू आवाजात आणखी काहीतरी सांगितलं. मामांनी ते लांबून पाहिलं. ओठ हलताना दिसले, शब्द भात्यात बुडाले.

एका दुपारी ते आतल्या खोलीत पडले होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पडद्यापलीकडे बहीणभाऊ बोलत होते.

“ताई, रागावू नकोस,” मेहुणा म्हणत होता, “पण भाऊजी नाटक तर करत नाहीत ना?”

मामी म्हणाली, “मलाही कळत नाही रे.”

मामांना राग आला नाही. त्यांना उलट हायसं वाटलं, इतके दिवस जे वाटत होतं ते खरं ठरल्यासारखं. ते उठले, मागच्या दारानं बाहेर पडले आणि थेट जिना चढले. भाता पायरीपायरीला वाढत गेला. कवळीवाल्यांचं दार उघडंच होतं. मामा आत शिरले, एक शब्द न बोलता मोटर टेबलावरून उपटली आणि जमिनीवर आपटली. तिच्याबरोबर साच्यांचा ट्रे खाली आला. प्लास्टरचे दात खोलीभर उडाले. मोटरचं झाकण निघून आतलं तांबं दिसायला लागलं. ती आता जन्मात फिरणार नव्हती.

आणि आवाज दुप्पट वेगानं चालू होता.

मामा त्या पांढऱ्या चुऱ्यात उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली. मेहुण्याची भीती कधी वाटली नव्हती; त्याच्याबद्दल फक्त संशय होता, आणि संशयाला एक आधार असतो, कुणीतरी समोर असतं. आता समोर कुणी नव्हतं. त्यांनी कानावर हात दाबले. बाहेरचं सगळं जग बंद झालं, कवळीवाल्यांचे ओठ मुके झाले, आणि भाता मात्र अधिकच मोठ्यानं ऐकू येऊ लागला.

कवळीवाले आरडाओरडा करतील अशी अपेक्षा होती. पण त्यांनी मामांना खुर्चीत बसवलं, खिडकीकडे तोंड वळवलं आणि जवळून पाहत राहिले. मामी आणि मेहुणा धावत वर आले तेव्हा त्यांनी विचारलं, ह्यांचा डोळा बाहेर येतोय हे तुम्हाला दिसलं नाही का? रोज पाहणाऱ्याला दिसलं नव्हतं. उजवा डोळा डाव्यापेक्षा पुढं आलेला होता, पापणी सुजलेली होती. मोटरचं मागाहून बघू, आधी ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, आजच, असं कवळीवाल्यांनी सांगितलं. मामांनी लगेच हिशोब मांडला: मोटर फोडली तरी हा चिडला नाही, म्हणजे हाही त्यांनाच सामील. पण त्यांच्या अंगात विरोध करायचं त्राण उरलं नव्हतं.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, मामांच्या भाचीच्या वयाची. तिनं हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली आणि प्रकाश टाकून कितीतरी वेळ पाहिलं. मग विचारायला लागली. दोन-दोन दिसतं का? बाजूला पाहिलं की दिसतं, मामा म्हणाले. डोकं दुखतं? डोळ्याच्या मागं. मग तिनं खुर्ची पुढं ओढली.

“काही आवाज येतो का हो कानात? फुसफुस केल्यासारखा?”

मामांनी मामीकडे पाहिलं. मामीनं मान हलवली, आपण काही सांगितलं नाही अशी.

“जिना चढलात की वाढतो? बसलात की कमी होतो?”

आता मामांचं अंग ताठ झालं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. “तुम्हाला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं. “तो आला होता का इथं? माझा मेहुणा?”

डॉक्टरबाईंनी त्यांना डोळा मिटायला सांगितलं, गळ्यातला स्टेथोस्कोप काढून त्याचं गोल टोक मिटलेल्या पापणीवर अलगद टेकवलं आणि खाली बघत ऐकत राहिल्या. मामांना हसू आलं. डोळ्यातून कुणी ऐकतं का? बाईंनी दुसऱ्या हातानं त्यांच्या मनगटाची नाडी धरली. मग स्टेथोस्कोपच्या नळ्या आपल्या कानातून काढून मामीच्या कानात घातल्या.

मामी वाकली. तिचा चेहरा मामांच्या चेहऱ्याच्या इतका जवळ बऱ्याच दिवसांत आला नव्हता. त्यांनी दुसरा डोळा उघडा ठेवून तिच्यावर नजर रोखली. ही आता काय सोंग करते ते बघू. तिच्या कपाळावरची आठी आधी घट्ट झाली, मग सुटली.

“आहे,” ती म्हणाली. “अहो, आवाज आहे. हुश्श हुश्श करतोय.”

“मग इतके दिवस मी काय सांगत होतो?” मामा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी डोळ्याच्या मागं एका जागी अशुद्ध रक्ताच्या पोकळीतून जाते, जणू नळातून नळ. मामा पडले तेव्हा कवटीच्या तळाचं हाड चिरलं आणि त्या धक्क्यानं आतल्या वाहिनीला भोक पडलं असावं. ते सुरुवातीला कळेलच असं नसतं. मार बसल्यावर काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही वर येतं. जोरानं येणारं शुद्ध रक्त तिथून पोकळीत घुसत होतं, मागं डोळ्याकडे तुंबत होतं. म्हणून डोळा लाल, म्हणून पुढं आलेला, म्हणून दोन-दोन दिसायचं. आणि प्रत्येक ठोक्याला रक्त त्या भोकातून फुसफुसत जायचं, तो भाता. जिना चढला की काळजाचे ठोके वाढायचे आणि भाता पळायला लागायचा. हे भोक बुजवलं नाही तर डोळा जाईल आणि मेंदूलाही धोका आहे, असं त्या म्हणाल्या आणि त्याच दिवशी त्यांनी मोठ्या इस्पितळात फोन लावला.

तिथल्या रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जांघेतून एक बारीक नळी आत सरकवायची, ती वर मेंदूपर्यंत न्यायची, आणि तिच्यातून प्लॅटिनमच्या मऊ तारेची वेटोळी सोडून भोक बुजवायचं. मामांनी पुन्हा पुन्हा विचारलं. दुखणं डोळ्याचं आणि हे मांडीतून शिरणार? ह्यात कुणाचा काय डाव असेल याचा ते ऑपरेशनच्या खोलीत नेईपर्यंत विचार करत होते. सापडला नाही.

जाग आली तेव्हा त्यांना वाटलं आपण बहिरे झालो. मग शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकलं, बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली, मामीच्या बांगड्या किणकिणल्या. सगळं ऐकू येत होतं. फक्त भाता नव्हता. मामी काहीतरी विचारत होती आणि त्यांनी तिला हातानं गप्प राहायला सांगितलं. त्यांना ती शांतता ऐकायची होती.

गोष्ट इथं संपली असती तर सगळ्यांना बरं झालं असतं. डोळ्याची लाली उतरली, डोळा मागं गेला, कवळीवाल्यांना नवी मोटर घेऊन दिली आणि मामांनी हात जोडून माफी मागितली. कवळीवाल्यांनी नव्या मोटरचा आवाज जुनीपेक्षा कमी आहे एवढंच सांगितलं. पण संशय काही गेला नाही. उलट त्याला बळ मिळालं. आवाजाच्या बाबतीत सगळे चुकीचे आणि आपण बरोबर निघालो. मग शिडीच्या बाबतीतही आपणच बरोबर असणार.

तपासणीला गेले तेव्हा त्यांनी हे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना आडून आडून विचारलं. डॉक्टर वयस्कर होते, घाई करणारे नव्हते. ते म्हणाले, मोठं भोक बुजलं, पण त्या धक्क्यात मेंदूतल्या केसाहून बारीक वाहिन्याही ताणल्या जातात, काही तुटतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे जास्त रक्त सोडायचं, हे ह्या वाहिन्यांचं काम. मार बसल्यावर त्या वेळेवर उघडत नाहीत. म्हणून थोडं माप घेतलं तरी डोकं शिणतं, राग आवरत नाही, आणि कपाळामागचा भाग, जो एखाद्या विचाराला थांब म्हणतो, तो लवकर दमतो. ते हळूहळू सुधारतं. चाला, झोपा, रक्तदाब सांभाळा. किती सुधारेल ते मी सांगू शकत नाही.

“म्हणजे माझा संशय हा आजारच, असं तुमचं म्हणणं?” मामांनी विचारलं.

“आवाज खरा होता, पण त्यामागचा माणूस खरा नव्हता,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या बाकीच्या संशयांचं मला ठाऊक नाही. ते तुम्हालाच विचारून बघावे लागतील. घरी पडून राहून त्यांची उत्तरं मिळणार नाहीत.”

मामा वाचनालयात गेले. एकटे, कुणाला न सांगता, रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवून बघत, कारण डोळ्याच्या कडेला अजून दोन-दोन दिसायचं. अभ्यासिकेत झाडलोट करणारी बाई त्या दिवशी तिथंच होती असं त्यांनी ऐकलं होतं. ती फडकं पिळत होती. तिनं मामांना ओळखलं आणि आधी पाणी आणून दिलं.

मी पडलो तेव्हा शिडी कुणी धरली होती, असं त्यांनी विचारलं.

“कुणीच नाही,” ती म्हणाली.

मामांना एक प्रकारचा आनंदच झाला. सोडलीच होती तर त्यानं.

“तो कुठं होता?”

“तुम्हीच पाठवलंत की त्याला खाली. हुक कमी पडले म्हणून. तो म्हणाला, भाऊजी, मी येईपर्यंत चढू नका. तुम्ही म्हणालात, जा रे, मी काय आज पहिल्यांदा चढतोय का शिडीवर.” तिनं फडकं बादलीत टाकलं. “मी इथंच पुसत होते. फरशी ओली होती. तुम्हाला सांगितलंही होतं मी.”

मामांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. ही पढवलेली आहे का? तो इथं येऊन गेला का, असं त्यांनी विचारलं. आला होता, ती म्हणाली, शिडी न्यायला. बराच वेळ त्या खिडकीखाली बसून राहिला होता, चहा दिला तो तसाच गार झाला. एवढं सांगून तिनं बादली उचलली. तिला ह्यात आणखी काही सांगण्यासारखं वाटत नव्हतं.

परत येताना मामा तिचं एकेक वाक्य उसवून बघत होते. 'मी काय आज पहिल्यांदा चढतोय का शिडीवर.' हे वाक्य त्यांचंच होतं. ते कुणाला बनवून सांगता आलं नसतं, मेहुण्यालाही नाही. पण प्रसंग आठवत नव्हता तो नव्हताच. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा किंवा नाही ठेवायचा, तिसरी वाट नव्हती.

दुकानात मेहुणा सोफ्याच्या कव्हरला किनार लावत होता. मामा समोर उभे राहिले.

“मी तुला हुक आणायला पाठवलं होतं?”

मेहुण्याचा पाय मशीनवर थांबला. “हो.”

“मग हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं, भाऊजी. दवाखान्यात सांगितलं, घरी आल्यावर सांगितलं. प्रत्येक वेळी तुम्ही नव्यानं ऐकायचात, नव्यानं चिडायचात, मला खोटारडा म्हणायचात आणि संध्याकाळपर्यंत विसरायचात. मग डॉक्टर म्हणाले, आता तो विषय काढू नका.” तो कापडाकडे बघत होता. “नंतर मलाच वाटायला लागलं, मी थांबायला हवं होतं. म्हणून तुमच्याकडे बघवत नव्हतं.”

मामा स्टुलावर बसले. पूर्ण विश्वास बसला असं नाही म्हणता येणार. आत कुठंतरी एक टाका ओढल्यासारखा राहिलाच. पण त्यांनी किनारीचं दुसरं टोक हातात धरलं, आणि मेहुण्यानं पुन्हा मशीन चालू केलं.

पुढच्या महिन्यांत घरात एक नवी पद्धत पडली. मनात काही आलं की मामा ते घोळवत बसायचे नाहीत, सरळ मामीला विचारायचे. तू भाजीत मीठ मुद्दाम कमी घातलंस का? गिऱ्हाईक मला बघून दुसऱ्या दुकानात गेलं का? मामीही न रागावता सरळ उत्तर द्यायची. बहुतेक वेळा नाही. कधी म्हणायची, हो, मीठ कमीच घातलंय, तुमच्या रक्तदाबासाठी. वास थोडाथोडा परतला, तोही तऱ्हेवाईक. साबणाचा यायचा, फुलांचा नाही. उंचावरची कामं मामांनी कायमची सोडली. माप घ्यायचं तर दोनदा घ्यावं लागायचं आणि दुपारी डोकं जड व्हायचं, तेव्हा दुकानाचा पडदा ओढून ते तासभर आडवे व्हायचे.

असंच एका दुपारी पडल्यापडल्या त्यांना बहीणभावाचं कुजबुजणं ऐकू आलं. मेहुण्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली, मामीचा त्याहून खाली. संध्याकाळी भांडी आवरताना त्यांनी विचारलं, “तुम्ही दोघं माझ्यापासून काहीतरी लपवताय, असं मला वाटतंय. खरं आहे का?”

मामीनं हात पुसले. “खरं आहे,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. बसगाड्यांच्या सीट तयार करणाऱ्या एका कारखान्यात मेहुण्याला कारागिरांवर देखरेखीची जागा मिळाली होती. दुसऱ्या गावी, चांगली जागा. ती पहिल्यांदा मिळाली होती वाचनालयाच्या कामाच्या आधीच. ते काम झालं की भाऊजींना सांगायचं असं त्याचं ठरलं होतं. मग अपघात झाला आणि त्यानं कारखान्याला नकार कळवला. आता कारखान्यानं पुन्हा बोलावलंय, आणि तुमच्याकडे विषय कसा काढायचा म्हणून तो आठवडाभर माझ्याकडे खेटे घालतोय.

दुकान बळकवायला टपलेला म्हणून ज्याच्यावर त्यांनी इतके दिवस डोळा ठेवला, तो माणूस दुकानातून बाहेर पडायची संधी हातची सोडून त्यांच्या उशाशी गोळ्या काढत बसला होता. हे पचायला जड होतं. पण त्याआधी त्यांच्या तोंडावर दुसरंच काहीतरी उमटलं, आणि मामीला ते ओळखू आलं.

“हसताय कशाला?”

“बरोबर निघालो की नाही? लपवत होतात की नाही?”

“होतो बाबा, लपवत होतो.”

सकाळी त्यांनी मेहुण्याला समोर बसवलं आणि कारखान्याबद्दल खोदून खोदून विचारलं. जागा कशी, मालक कसा, राहायची सोय काय, फोम कुठल्या जातीचा वापरतात, इतक्या लांबून तुलाच का बोलावतात, त्यात काही काळंबेरं तर नाही ना. मेहुणा आधी दचकत होता, मग मोकळेपणानं सांगायला लागला. शेवटी मामा म्हणाले की महिनाअखेरीस जा, त्याआधी कोपऱ्यावरच्या बाईंचा मोठा सोफा संपव, आणि त्याच्या मागच्या शिवणीला दुहेरी टीप घाल. मेहुणा म्हणाला एकेरी पुरते, मागची बाजू भिंतीला असते, कुणाला दिसते? त्यावर दोघांची चांगली जुंपली, आणि मामी चहा ठेवायला आत गेली.